हात मागं घेतलेली पोर

"मुलीला पुस्तकात रस नाही." मॅडम मोठ्यानं म्हणाल्या आणि कागदावर फुली मारली.

माझी पोर पाच वर्षांची. अंगणवाडीच्या सतरंजीवर प्रत्येक पोरापुढं एक चित्रांचं पुस्तक ठेवलं होतं. पोर काय करते, ते मॅडम घड्याळ लावून बघत होत्या. बाकीच्यांनी पुस्तकं ओढली, उलटी धरली. एकानं कोपरा चावला. माझी पोर दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभी. डोळे मात्र पुस्तकावरून हलत नव्हते.

मॅडम पुण्याच्या. लहान मुलं वाचायला कशी लागतात, आईबाप त्यात किती लक्ष घालतात, याचं त्यांचं संशोधन. आम्ही पाथर्डीकडचे, ऊस तोडायला श्रीगोंद्याला आलेलो, फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहणारे. पोरीचं नाव पटावर नसताना अंगणवाडीच्या ताईंनी तिला बसू दिलं, खिचडी दिली. त्या उपकारानं माझी मान कायम खाली. ताईंनी बोलावलं म्हणून फडात कोयता टाकून आले आणि पाचटानं चिरलेले हात पदराखाली झाकून बसले.

"झोपताना गोष्ट वाचून दाखवता?"

"वाचून न्हाई. सांगती मी. मोळ्या बांधताना."

"मी वाचून विचारलं. म्हणजे नाही." फुली. "घरात पुस्तकं किती?"

शेजारी गावातली एक बागायतदारीण बसली होती, नातवाला घेऊन. ती म्हणाली, "कोपीत पुस्तकं ठिवली तर माणसं कुठं निजतील गं?"

मॅडम हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मग मॅडम ताईंना म्हणाल्या, "या लोकांत असंच असतं. आईलाच गोडी नाही, पोरीला कुठून येणार?" आणि न विचारताच अंगठ्यासाठी शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं.

पोरीचे हात मागं का, ते मला माहीत होतं. मीच शिकवलेलं. दर हंगामाला नवं शिवार. कुणाचं कणीस मोडलं, कुणाच्या ओट्यावरची वाटी गेली, की आधी आमच्या कोप्या उचकतात. म्हणून पोर चालायला लागली तसा एकच धडा. दुसऱ्याच्या वस्तूपुढं हात मागं. माझ्या आईनं मला तोच दिला होता. तसेच हात मागं घेऊन मी गावोगावच्या शाळांत दाराजवळ बसले आणि पाचवीतून उठले. ये, घे, असं कुणी म्हणालं नाही.

अंगात जाळ उठला. मॅडमवर. स्वतःवर त्याहून जास्त.

"घे ते," मी पोरीला म्हणाले. "तुज्यासाठीच ठिवलंय."

"आये, त्यांला इचारलं का?"

पाच वर्षांची पोर. मॅडमनी ते ऐकलं. लिहिलं काहीच नाही.

पोर खाली बसली. पुस्तक उघडलं. मोळ्या बांधताना मी सांगते ती कोल्ह्याची गोष्ट त्यातल्या चित्रांवर बोट ठेवत सांगायला लागली. तिसऱ्या पानावर मॅडमनी पुस्तक काढून घेतलं. "वेळ संपला."

मी पॅड बाजूला सारलं. कागद ओढला आणि अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचला. "पालक... मुलीच्या... शिक्षणाबाबत... उदासीन." बागायतदारीण नातवाच्या हातातलं पुस्तक सरळ करायला लागली.

"हे खोडा. पोरीनं इचारल्याबिगर हात लावला न्हाई, असं लिवा."

"त्याला रकाना नाही, बाई."

"मंग माझी सही बी न्हाई."

ताईंचा चेहरा उतरला. पोरीची जागा जाते की काय, अशी भीती मलाही होती. तरी उठले.

कागद माझ्या सहीवाचून गेला. फुल्या असतील तशाच.

अंगणवाडीत पुस्तकांचं एक कपाट आहे. पोरं फाडतात म्हणून कुलूपबंद. दुसऱ्या दिवशी फडातून उठून मी पोरीला घेऊन त्याच्यापुढं उभी राहिले. "ताई, तुमचं उपकार जल्मात इसरायची न्हाई. पन कुलूप काढा."

त्यांनी किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. मी रोज येणार आहे. टोळीचा मुकादम बोंबलला तरी. पुढच्या हंगामाला दुसरं गाव, दुसरं कपाट, तिथंही. आईकडून आलेला तो धडा मी मोडला. माझी पोर आता हात पुढं करील. तिचं मनगट कुणी धरलं, तर गाठ माझ्याशी आहे.