फणीतली टोकं

उमरेडच्या घरातला माग मी माझ्या हातानं मोडला. बाबांना नागपूरला आणायचं त्या सकाळी टेम्पो दारात उभा होता, आणि मागाच्या फणीत जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं अजून लोंबत होती. ती अडकून लाकडं सुटी होईनात, म्हणून मी कात्री घेतली. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"काप गा," ते म्हणाले. "तुले परत ड्यूटीवर जाचं आहे."

विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. लुगडं विणून झालं की आपल्याकडे ताण्याची टोकं फणीतच ठेवतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून जोडायचा, म्हणजे पुन्हा सगळं ओवावं लागत नाही. ज्याला विणणं सोडायचं असतं तो टोकं ठेवत नाही. बाबांनी ठेवली होती. मला तो कचरा वाटला.

आई गेल्यानंतरचं ते वर्ष. "थकलो गा, आता होत नाही," असं ते फोनवर म्हणत. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरून द्यायचं काम आईचं. ती गेल्यावर बाबा आधी कांड्या भरत, मग विणायला बसत. काय होत नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्यांचं मन उडालं, हातमागात आता काही राहिलं नाही हे त्यांनाही पटलं, असं मी धरून चाललो. बारावीनंतर मी नागपूरच्या एसटीत बसलो तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "जा, पण मागाले नाव नको ठेवू."

प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये त्यांना वेगळी खोली दिली, कूलर दिला, टीव्ही दिला. इतका आराम करूनही ते रोज जास्तच थकलेले दिसत. सुनेची साडी वाळत असली की काठ उलटा करून बघत, "मशीनचा आहे" म्हणत आणि सोडून देत. आम्ही हसायचो.

मग माझ्यावर वेळ आली. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. गेल्या वर्षी मला वाटलं, आपण थकलो. सुट्टी टाकली, भरपूर झोपलो, बायकोबरोबर पचमढीला जाऊन आलो. परत वर्गात उभा राहिलो तेव्हा अंग ताजं होतं, पण फळ्याकडे वळावंसं वाटेना. समोरच्या एका मुलाला यातलं काहीच नको होतं. मला ते दिसत होतं, आणि त्याच्या वडिलांना मी "ॲडमिशन होऊन जाईल" असं सांगून बसलो होतो.

घरी आलो तर बाबांनी विचारलं, "थकला काय गा?"

"नाही बाबा. झोप झाली. कामात मनच नाही राहिलं."

"मंग हे अलग आहे. मले झोप लागली का सकाळी पाय आपोआप मागाच्या खड्ड्यात जात होते. तुही माय गेली, कांड्या भराले कोणी नव्हतं. बस, एवढंच होतं."

"मंग तवा सांगितलं काहून नाही?"

"तू कात्री घेऊनच आला होता ना."

तुम्हा गावकऱ्यांपैकी जे अजून उमरेडला आहेत त्यांनी आमचं घर पाहिलं असेल. भाडेकरूनं विणताना पाय सोडून बसायचा तो मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली आहे. घर म्हटलं की मला आता ती फरशी आठवते. नवा माग आणावा म्हटलं, तर बाबांचे हात इतके थरथरतात की चहाचा कपही मीच धरतो.

त्या संध्याकाळी कप खाली ठेवून मी त्यांच्या पलंगाशी बसलो.

"बाबा, तुम्ही नुसते थकले होते," मी म्हणालो. "मागावरून मन माहं उडालं होतं, अन् ते मी तुमच्यावर ढकललं. माहं चुकलं. मले माफ करा."