वर्लिनचा फाळ ठरेना

हरणांचा हंगाम जवळ आला की वर्लिन टेशच्या डाव्या हातावरचे केस नाहीसे व्हायचे. त्याची बायको आर्लीन चर्चमधल्या बायकांना सांगायची, "रोगबिग काही नाही. बाणाच्या फाळाला धार आली का, ते हातावर फिरवून बघतो. यंदा उजवाही भादरायला घेतलाय."

विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ भागात वर्लिन शाळेची बस चालवायचा. बर्फात, धुक्यात, कुठल्याही वळणावर तो कधी गडबडला नाही. पण बाणाला कुठला फाळ लावायचा म्हटलं की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं.

आर्लीनचा भाऊ ड्वेन पाती मिटून उडणारे फाळ वापरायचा. लागल्यावर ती पाती उघडतात.

"सरळ जातात," ड्वेन म्हणायचा. "तुझ्यासारखं महिनाभर जुळवत बसावं लागत नाही."

"आणि नाही उघडली तर?"

"आजवर उघडलीत."

"हरणाला अर्धवट जखमी करून सोडायचं नाही मला. माझं पातं घट्ट बसवलेलंच हवं."

एवढं ठरलं, पण घट्ट पात्यांतही प्रकार होतेच. दोन पात्यांचा फाळ खोल शिरतो. तीन पात्यांचा मोठी जखम करतो, रक्ताचा माग सापडायला सोपं. वर्लिन रोज संध्याकाळी सफरचंदाच्या झाडांमागे फोमच्या हरणावर दोन्ही मारून बघायचा. तीन पात्यांचा सरावाच्या बोथट टोकाइतकाच नेमका जायचा. दोन पात्यांचा रुंद होता, वारा धरायचा आणि उजवीकडे सरकायचा. तो सरळ करावा म्हणून वर्लिन धनुष्याशी खटपट करायचा, की तीन पात्यांचा बिघडायचा. फोमच्या हरणाची चाळण झाली. आर्लीनने भोकात जुने मोजे कोंबले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तो दोन्ही प्रकारचे बाण भात्यात घेऊन मचाणावर चढला. उजाडल्यावर एक मादी ओकच्या झाडाखाली येऊन शांतपणे पडलेली फळं खाऊ लागली. तीन पात्यांचा बाण दोरीला लावलेलाच होता. पण ती जरा तिरकी उभी होती, आणि वर्लिनला वाटलं, तिरक्या हरणाला खोल जाणारा बरा. त्याने बाण काढला. दुसरा लावताना तो धनुष्यावर टक्‌ करून आपटला. मादीने मान वर केली, त्याला नीट बघून घेतलं, आणि पांढरी शेपटी उंच करून निघून गेली.

घरी आर्लीनने विचारलं, "हरीण आलं नाही?"

"आलं होतं."

"नेम चुकला?"

"मारलाच नाही. बाण बदलत होतो."

आर्लीन गॅरेजमध्ये गेली. तिथून तिचं हसणं त्याला चांगलं ऐकू आलं. डोळे पुसत परत आली तेव्हा म्हणाली, "सरावाच्या टोकासारखा सरळ कुठला जातो?"

"तीन पात्यांचा."

"मग दुसरे माझ्याकडे दे. हंगाम संपला की जानेवारीत माग."

वर्लिनने खूप वेळ विचार केला आणि दिले. काढून घेतल्यावर त्याला हलकं वाटलं, पण ते तिला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक नर दुपार कलताना त्याच उतारावर आला. निवडायला काही नव्हतंच. त्याची कूस पूर्ण समोर येईपर्यंत वर्लिनने वाट बघितली आणि बाण सोडला. नर ओढ्याकडे पळाला आणि थोड्याच वेळात त्याच्या पळण्याचा आवाज थांबला. वर्लिन भाता आवरून खाली उतरला.

फोन केल्यावर आर्लीन आली. पानांवरचं रक्त बघत तीच पुढे चालली. नर ओढ्याच्या काठी पडला होता. ती त्याच्या मानेवर हात ठेवून बसली, चेष्टा न करता.

"लवकर संपलं याचं," ती म्हणाली.

"हो," वर्लिन म्हणाला.

तिने ओढ्यात हात धुतले आणि चढाकडे बघितलं. "ड्वेनला बोलाव. हा आपल्या दोघांना ओढवायचा नाही. आणि तो आला की तू फाळाविषयी बोलायला लागू नकोस, नाहीतर इथंच अंधार पडेल."