पलासियातलं सुनावणी ऑफिस

सात वर्षं लोकांची बयानं उतरवली की फाइलीत एक जातं आणि डोक्यात भलतंच साठत राहतं. फाइली जमा झाल्या. हे मात्र माझ्याकडेच राहिलं.

शहरातल्या पलासिया भागात एका कोचिंग क्लासच्या वर आमचं ऑफिस होतं. जंगलातून उठवलेल्या भिलांचं म्हणणं ऐकायचं, खरं काय झालं ते लिहायचं आणि सरकारशी समझोता करून द्यायचा, असं काम. मुदत सहा महिने. चाललं सात वर्षं. वर एक साहेब, जोशीजी बडे बाबू, मी स्टेनो आणि भिली समजणारे एकटे रेमसिंग मास्तर.

*

पहिल्याच दिवशी एक म्हातारे बाबा आले. फॉर्मवर प्रश्न होता, गावात कधीपासून राहता?

"जंगलखातं यायच्या आधीपासून," बाबा म्हणाले.

"भिया, सन बताओ, सन," जोशीजी म्हणाले.

"खातं कोणत्या साली आलं?" बाबांनी विचारलं.

ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. जोशीजींनी बाबांच्या नावापुढे 'अज्ञात' लिहिलं. मास्तरांनी त्याचा अर्थ सांगितला.

बाबा म्हणाले, "मग खात्याच्या नावापुढेही तेच लिहा."

*

एक आजी झोपडी कशी पाडली ते सांगत होत्या. मडकी, कोंबड्या, दाराची लाकडं, एकेक. साहेबांना मीटिंग होती. "मास्साब, उनसे कहिए, शॉर्ट में."

मास्तरांनी सांगितलं.

"दोन दिवस चालत आले मी. थोडक्यात नाही आले."

*

त्याच सुमारास आमच्या ह्यांची मिल बंद पडली. घरी कंटाळले की मला डबा द्यायच्या निमित्तानं हे ऑफिसात येत. एकदा बाहेरच्या बाकावर टेकले. शेजारच्या भिलानं विचारलं, "कौन गाँव?"

"गाँव नहीं, मिल."

"उठा दिया?"

"उठा दिया."

तो सरकला आणि ह्यांना भिंतीला टेकायची जागा करून दिली. त्या दिवशी हे ऑफिस सुटेपर्यंत तिथेच बसून होते.

*

पाचव्या वर्षी समझोत्याचा मसुदा झाला. इतकी शुद्ध हिंदी की जोशीजींनाही दोनदा वाचावी लागली. मास्तरांनी गावात जाऊन सांगितलं, ही भांजगडी आहे. म्हणजे दोन घरांतलं भांडण पंच बसवून मिटवतात आणि शेवटी दोन्ही घरं एकत्र जेवतात, ती.

गावाचा निरोप आला, साहेब जेवायला कधी येतायत?

जोशीजींनी कळवलं, "फाइल ऊपर गई है." पुढची दोन वर्षं तोच निरोप येत होता आणि तेच उत्तर जात होतं.

*

मग ऑफिस बंद करायचा आदेश आला. मसुद्यावर सही झालीच नाही. बयानं सीलबंद होऊन भोपाळला गेली, साहेबांची बदली झाली. गावाला सांगायला मी, जोशीजी आणि मास्तर बसनं गेलो.

जोशीजींनी हात जोडून सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. गावचा पटेल एवढंच म्हणाला, "आमचं काय लिहिलंत, ते तरी वाचून दाखवा."

माझ्या शॉर्टहँडच्या वह्या पिशवीत होत्या. मी वाचत गेले, मास्तर भिलीत सांगत गेले. मंगलीबाईंचं बयान आलं. "शेतात मोहाची तीन झाडं होती," मी वाचलं.

मागून मंगलीबाई उठून उभ्या राहिल्या.

"चार."

मी जोशीजींकडे पाहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.