गोधडीचा चौथा कोपरा

आमच्या गास गावची थंडी म्हणजे सकाळी शेतावर धुकं आणि दुपारी अंगणात बसण्याइतकं मऊ ऊन. देशावरून आलेली माणसं तिला हसतात. हसू देत. आम्हाला तेवढी थंडी पुरायची. भात झोडून घरात आलं, वाल पेरून झाले, की आई माळ्यावरून जुन्या साड्यांचं गाठोडं खाली काढायची, अंगण सारवायची आणि गोधडी घालायची.

गोधडीला आमच्याकडे चार बायका बसतात. एकेकीने एक कोपरा धरायचा आणि कडेने धावदोरा घालत घालत मध्याकडे सरकायचं. सुरुवातीला चौघी लांब लांब असतात, एकमेकींना ओरडून बोलतात. गोधडी भरत येते तशा जवळ येतात. शेवटी गुडघ्याला गुडघे लागतात आणि बोलणं कुजबुजीवर येतं. त्या कुजबुजीत काय असायचं हे मला कधीच कळलं नाही, कारण मी आत असायचे. अभ्यासाला.

मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. हे मी आजही आधी सांगते, मग बाकीचं. कॉलेजात गणित घेतलं, पहिल्या वर्गात पास झाले, नालासोपाऱ्याच्या एका शाळेत लागले. यातलं काहीही कुणी फुकट दिलेलं नाही. पण त्यापायी आईने मला सुई म्हणून धरू दिली नाही. मी जवळ गेले की म्हणायची, "तुजे हात पेनाचे. टोचून घेशील, मंग पेपर कसा लिवशील? जा आत." धाकट्या बहिणीला मात्र दहावीत नापास झाल्याच्या दुसऱ्याच थंडीत कोपरा मिळाला. तिचा नापासाचा पेपर आणि तिचं ते अंगणातलं ऊन! खरं सांगते, मला त्या उन्हाचा हेवा वाटायचा. माझ्या मार्कांचा तिला वाटत होता की नाही, देव जाणे. तसं तिच्या तोंडावर तरी कधी दिसलं नाही.

त्या वर्षी गाठोड्यातून आईची लग्नातली हिरवी साडी निघाली. जरीचा काठ काळा पडलेला, पण पदर अजून घट्ट. ही साडी ज्या गोधडीवर लागेल ती गोधडी माझी, हे मी लहान असतानाच ठरवून टाकलं होतं. कुणाला बोलले नव्हते. थोरली मी, शिकलेली मी, पगार घरात देणारी मी. बोलायचं कशाला?

रविवार होता. आईने अंगणात खालची साडी अंथरली, मध्ये जुनी धोतरं, वर हिरवी साडी. माझी आत्या दर वर्षी चौथी असायची, पण तिचं मनगट मोडलं होतं. काकी आणि धाकटी आपापल्या जागी बसल्या होत्या. मी ओटीवर पाट घेऊन दहावीच्या शिकवणीची तयारी करत होते. त्या आठवड्यात भूमिती चालली होती.

आईने दाराकडच्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हितं कोन?"

आता आमच्या घरात 'ण' नाही. पाण्याला पानी, शिवणीला शिवन. शाळेत बाईंनी हसून हसून माझा 'न' काढला आणि मी तो असा काढला की परत घरात आणला नाही. डोक्यात काटकोन त्रिकोण, हातात गुण्या. मी उठले, गुण्या त्या कोपऱ्याला लावून बघितला आणि सांगितलं, "नाही गं, वाकडा आहे. पदर बाहेर आलाय. कापून टाक."

आईने पदराचं टोक हातात घेतलं. मग म्हणाली, "बरं."

पदर तिने कापला नाही. आत दुमडून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या कोपऱ्यावर बिल्डिंगवाली बसलेली.

बिल्डिंगवाली म्हणजे आमच्या शेताच्या टोकाला जी नवी तीन मजली बिल्डिंग उभी राहिली होती, तिथली. साताऱ्याकडची. नवरा मुंबईत नोकरीला, ती दिवसभर एकटी. आईकडे भाजी घ्यायला यायची, ती हळूहळू भाजी न घेताही यायला लागली. सहावा महिना लागला होता. हातात कायम लोकरीची पिशवी. आल्या आल्या "मावशी, चहा टाकू का?" म्हणून आमच्याच चुलीकडे जायची. आई तिला 'बाय' म्हणायची. आई मला 'बाय' म्हणायची. दोघींना एकच शब्द म्हणजे काय?

"ताई, या ना बसा," ती मला म्हणाली.

"मला पेपर आहेत."

"तेच म्हटलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कुठे वेळ!"

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं असेल. मला लागायचं ते लागलं.

"बिल्डिंगीत ऊन येत नाही वाटतं?" मी म्हणाले.

"येतं की. पण तिथे मावशी नाहीत," ती हसून म्हणाली आणि काकीसुद्धा हसली. काकी कधी हसत नाही.

मग रोज हेच. मी आत पेपर घेऊन बसायचे आणि कान बाहेर. ती काय काय सांगायची! सासूच्या गमती, नवऱ्याचं घोरणं. मध्येच सुई ठेवून धाकटीला स्वेटरच्या सुया धरायला शिकवायची. "एक सुलट, एक उलट. सुलट, उलट. अगं टाका सुटला बघ!" धाकटी खिदळायची. आईसुद्धा. माझी आई, जी मला डिग्री मिळाली तेव्हा पदराने डोळे पुसून "आता भात लावायला जाते" एवढंच म्हणाली होती, ती एका सुटलेल्या टाक्यावर पोट धरून हसत होती. मी एकाच मुलाच्या एकाच गणिताला दोनदा मार्क दिले आणि परत कमी केले.

रेघा मध्याकडे सरकत होत्या. बायका जवळ येत होत्या. खिडकीतून दिसायचं, बिल्डिंगवालीचा गुडघा आता आईच्या गुडघ्यापासून हातभर राहिलाय.

शेवटी धाकटी पाणी प्यायला आत आली तेव्हा मी विचारलंच, "हिला आणखी किती दिवस बसवणार आहात?"

"संपेपर्यंत. तिचीच तर आहे."

"काय तिचीच?"

"गोधडी. दाराकडच्या कोपऱ्यावर बसते तिची गोधडी. तुला माहीत नाही?"

मला कसं माहीत असणार? मला त्या अंगणात कधी बसू दिलं होतं?

"आणि आईची साडी?"

"आईने आधी तुलाच विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "हितं कोन, असं. तू बोललीस वाकडा आहे, कापून टाक. लग्नाचा पदर, ताई! आई त्या दिवशी जेवली नाही."

मी तशीच बाहेर गेले. पायात चप्पलसुद्धा नाही.

"उठा," मी बिल्डिंगवालीला म्हणाले. "ती जागा माझी आहे."

आईने सुई गोधडीत खोचली. "मी इचारलं व्हतं तुला. तूच बोललीस वाकडा."

"मला वाटलं, तू कोन विचारतेस!"

"कोनच तर इचारलं."

"तो नाही गं, तो... काटकोन. कोपऱ्याचा कोन!"

"मंग मी कुठला कोन इचारनार?"

बिल्डिंगवालीला आधी कळलं. ती पोट धरून अशी हसायला लागली की काकी घाबरली, "हळू गो, हळू, पोर हाय पोटात." "मावशी," ती कशीबशी म्हणाली, "ताईंना भूमिती वाटली! भूमिती!" आईला भूमिती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण माझं तोंड बघून तिला काहीतरी कळलं असावं. तिने दुमडलेल्या पदरावरून एकदा हात फिरवला.

"बसतेस?" तिने विचारलं.

बिल्डिंगवाली जमिनीला हात टेकत उठली. "घ्या ताई. मी आपली लोकर घेऊन बसते. माझं टोपडं राहिलंय." तिने जराही तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी बसले. आईने माझ्या बोटात सुई दिली, बोटावर बोट ठेवून पहिला टाका घालून दाखवला. तिचे हात भाकरीच्या पिठाने खरखरीत होते. इतक्या वर्षांत तिने माझा हात असा धरला नव्हता. पेनाच्या हाताला ती लावायचीच नाही ना हात. माझे टाके कोंबडी चालल्यासारखे पडले. त्याच रेघेत मागे बिल्डिंगवालीचे टाके, एकसारखे, सरळ.

"हे तिचे उसवते मी," मी हळूच आईला म्हणाले.

"खबरदार. ऊब टाक्याला असते काय? गप शिव."

मध्य भरत आला तेव्हा आमच्यात पद्धत आहे तसं आईने भाकरीचा तुकडा आणला. गोधडीचं पोट उपाशी ठेवून शिवत नाहीत. तो तुकडा मी ठेवला, वर हिरव्या साडीचं ठिगळ लावून मीच बंद केलं. गुडघ्याला आईचा गुडघा लागला होता. कुजबुज मी पहिल्यांदा ऐकली. काकी सुनेबद्दल सांगत होती. ऐकण्यासारखं काही नव्हतं. तरी संपू नये असं वाटत होतं.

गोधडी माझ्याकडे आली. रात्री अंगावर घेतली की डाव्या हाताला बिल्डिंगवालीचे टाके लागायचे. मी कूस बदलायचे.

"आनि बायला?" दुसऱ्या दिवशी काकीने आईला विचारलं. "तिची गोधडी तर हिने नेली."

"तिच्यासाठी दुसरी घालू. बाळंतीन व्हायच्या आत," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "धाकटी आता लोकर घेऊन बसंल, चौथी तू. बसशील ना तिच्यासाठी?"

मी म्हणाले, पेपर आहेत. बघते.

पेपर नव्हते. शाळा दोन दिवस बंद होती. आणि ज्या सकाळी गोधडी घालायची होती, त्या सकाळी काकी यायच्या आत, बिल्डिंगवाली जिना उतरायच्या आत, अंगणावर अजून दव होतं तेव्हा, मी सुईत दोरा ओवून आईच्या शेजारचा कोपरा धरून बसले होते. बिल्डिंगवालीच्या गोधडीसाठी मला काही उमाळा आला नव्हता. आईच्या शेजारी दुसरं कुणी बसू नये, एवढंच.