उचला, उतरवा, थांबा

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या शाळेला लागून पाण्याच्या टाकीचं काम सुरू झालं, त्या दिवशी माझी नोकरी जवळजवळ गेलीच होती.

मी बी.ए. झालेली. आमच्या घराण्यात पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोडून बाबा इथं नव्या कारखान्याच्या बांधकामावर खलाशी म्हणून लागले होते. जड सामान क्रेनला बांधायचं, खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं इशारे करायचे. त्या कमाईवर मी नागपूरला शिकले. शाळेनं मला एक महिना पाहायला ठेवलं होतं. जमलं तर कायम.

दहा वाजता जमिनीत खांब ठोकायचं यंत्र सुरू झालं. धम्म! फळ्यावरचा खडू खाली. धम्म! तिसरीची बावन्न पोरं थेट खिडकीला. घरी कोणी तेलुगू बोलणारं, कोणी पंजाबी, कोणी छत्तीसगढी, शाळेत हिंदी. मी हिंदीत ओरडले, मराठीत ओरडले, पट्टी आपटली. दोन दणक्यांच्या मधे बेरीज सांगायचा प्रयत्न केला. घसा बसला, बेरीज राहिली.

हेडमास्तर आले आणि माझ्या कानाशी ओरडले, "बाई, बाकीचे वर्ग निदान जागेवर आहेत. तुमची तर जत्रा भरली! मधल्या सुट्टीपर्यंत पोरं बसली नाहीत, तर उद्यापासून येऊ नका."

पाऊण तास उरला होता. पोरांना ओढून आणायला मी खिडकीशी गेले आणि स्वतःच पाहत राहिले. खाली क्रेनसमोर एक खलाशी उभा होता. तोंडातून शब्द नाही. त्यानं बोट वर करून फिरवलं, तसा भला मोठा खांब वर गेला. बोट खाली करून फिरवलं, खांब खाली. मूठ आवळली, सगळं जागच्या जागी.

अरे, एवढ्या आवाजात हा माणूस काम करूनच राहिला ना!

मी वर्गाकडे वळले, हात उंच केला, मूठ आवळली. दोन-चार पोरं चपापली. त्यांचेही बाप साइटवरचेच. मग मी सात बोटं दाखवली, एक बोट वर फिरवलं, पाच दाखवली, मूठ आवळली. एक चिमुरडी पाटीवर बारा लिहून उड्या मारायला लागली. मग काय! खिडकी ओस पडली. बोट वर म्हणजे मिळवा, खाली म्हणजे वजा करा, मूठ म्हणजे पाटी दाखवा. बोट मी मनगटापासून फिरवत होते; त्या चिमुरडीनं येऊन माझं कोपर धरलं आणि ओरडली, "ऐसे नहीं, बहनजी! पूरा हाथ ऊपर!" तिलाच मी पुढं उभी केली. पोरं श्वास रोखून तिचा हात पाहत होती. बाहेर धम्म, आत एक्कावन्न पाट्या एकदम वर.

हेडमास्तर दारात कधी आले, कळलंच नाही. बराच वेळ उभे होते. मग त्यांनीही नऊ बोटं दाखवली, बोट खाली फिरवलं, चार दाखवली आणि तसेच थांबले. पाटी एकही वर नाही. ती चिमुरडी त्यांच्यापुढं जाऊन मूठ आवळून दाखवायला लागली. त्यांनी मुकाट्यानं मूठ आवळली. एक्कावन्न पाट्या वर, सगळ्यांवर पाच.

सुट्टीची घंटा कुणाला ऐकू आली नाही. हेडमास्तरांनीच हातानं सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला म्हणाले, "उद्या जरा लवकर या. बाकीच्या मास्तरांना शिकवा हे."

संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते.

"काहून एवढी हासून राहिली? नोकरी पक्की झाली का?"

मी बोट वर करून फिरवलं.

बाबा घास हातात धरून पाहत राहिले. म्हणाले, "हात अजून वर घे, बाई. इतक्यानं क्रेनवाल्याले दिसत नाही."