नऊ फुटी पुस्तक

मी तेव्हा गिरणीत मागांची दुरुस्ती करायचो. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर राज्यघटनेचं नऊ फूट उंच पुस्तक उभं करू, त्याची पानंही उलटतील, असं वस्तीच्या बैठकीत मीच बोलून बसलो. बोललो म्हणजे करणं आलंच.

भंगारातला जाड पाईप हा पुस्तकाचा कणा. त्याला बांबूच्या चौकटींची तीन पानं दारासारखी बसवली, वर सुताच्या खोक्यांचे पुठ्ठे ठोकले. सायकलची चेन जोडून खाली बसून फिरवायचा दांडा केला. भिंतीच्या आडोशाला पान अलगद फिरायचं. मैदानात नेलं, तर एप्रिलच्या वाऱ्यानं ते असं ओढलं की चेनच तुटली. दांडा मनगटावर बसला.

"पुस्तक न्हाय, पतंग केलास तू," वडील म्हणाले. लोक हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बायको प्रौढ वर्गात नुकतीच लिहायला शिकली होती. पानांवर रंगवायचे 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे शब्द पाटीवर गिरवता गिरवता ती थांबली.

"अवो, अक्षरं रंगवायची कशाला? कापून काढा की. वारा त्यातनं निघून जाईल."

"पुठ्ठा लुळा पडंल."

पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं खडूनं हातहातभर अक्षरं आखली, मी कापली. 'बंधुता'तल्या 'ब'चं पोटच निखळून पडलं, तेव्हा ती माझ्यावर चिडली. मग पोट धरून ठेवायला पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या राखल्या. वडिलांनी कुठूनशी मोटारसायकलची चेन आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

मिरवणुकीत शुक्रवार पेठेच्या बोळांत पुस्तक मिटावं लागे; चौक आला की उघडायचं. मी मागे खाली बसून दांडा फिरवत होतो, मला पानं दिसतच नव्हती. एका चौकात वारा उठला, पाईप करकरला, दांडा अर्ध्यावर अडला. मी सगळं अंग त्यावर टाकलं.

"उलटलं बगा!" ट्रकच्या बाजूनं चालणारी बायको ओरडली. शेजारच्या बायकांनी तिला काय लिहिलंय ते विचारलं. तिनं एकेक अक्षर लावत त्या पानावरचे तिन्ही शब्द मोठ्यानं वाचले. तेवढा वेळ मी पुढचं पान धरून ठेवलं.

पुढच्या वर्षी वैराग गावाहून माणसं आली, त्यांनाही असंच पुस्तक करायचं होतं. त्यांनी मला पाईपची मापं विचारली आणि अक्षरांसाठी कोरे कागद बायकोपुढे केले. ती दुपारभर दारात बसून आखत होती. चहा मी केला.