आरोग्यरत्न प्रयागबाई

राजुरीच्या प्रयागबाईंना पित्ताचे खडे कधीच नव्हते. पण २००३ साली पुण्याहून ऑपरेशन करून आल्या तेव्हा त्यांनी गावाला खडेच सांगितले, आणि तेही मोजून तेरा. मोघम सांगितलं की लोक खोदून विचारतात; तेरा म्हटल्यावर माणूस 'बापरे' म्हणतो आणि चहा पिऊन घरी जातो.

खरी गोष्ट अशी होती, की बाईंचं वजन एकशे सतरा किलो भरलं होतं. हा आकडा मात्र गावापासून लपण्यासारखा नव्हता. दवाखान्यातला काटा शंभरावर अडायचा, म्हणून त्यांना दूध सोसायटीत पेंडीची पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं होतं आणि त्या वेळी सकाळचं दूध घालायला आलेली तीसेक माणसं रांगेत होती. गुडघे कामातून गेले होते. साखर औषधाला दाद देत नव्हती. उपास करून झाले, काढे झाले, शेजारच्या भागूबाईनं आणलेला अंगाराही पोटात गेला. शेवटी भोसरीला नोकरीला असलेल्या भरतनं, त्यांच्या मुलानं, पुण्यातला एक डॉक्टर गाठला. दुर्बिणीतून पोट शिवून एवढंसं करायचं आणि आतडं पुढून जोडून द्यायचं, असं ते ऑपरेशन होतं. डॉक्टर त्याला बायपास म्हणाले.

"हार्टला काय झालं हिच्या?" बाईंचे यजमान सोपानराव खुर्चीतून उठलेच.

हार्टला काही झालेलं नव्हतं. समजूत पटल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि परतीच्या वाटेवर बायकोला विचारलं, "गावात काय सांगायचं?"

बाई लगेच म्हणाल्या, "पोट कापलं म्हणून सांगाल तर बगा. मोठ्या जाऊबाई म्हणतील, खाणं सुटना म्हून पोट कापून आली."

मग खडे ठरले.

पुढच्या सव्वा वर्षात प्रयागबाई एकशे सतराच्या बहात्तर झाल्या. आधी गावानं हळहळ केली. दोघीतिघींनी सोपानरावांना बाजूला घेऊन 'काय मोठा आजार न्हाई ना' असं डोळे पुसत विचारलं. आजार नाही म्हटल्यावर हळहळ संपली आणि चौकशी सुरू झाली. केलं तरी काय? बाईंनी पहिल्यांदा भागूबाईला जे तोंडाला आलं ते सांगितलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, रात्री भिजवलेल्या मेथ्या, आणि मनाचा निश्चय. निश्चय हा शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकला होता.

हे संपतरावांच्या कानावर गेलं. संपतराव तालुक्यातल्या एका जनकल्याण मंचाचे अध्यक्ष होते आणि कल्याण करायला जन कुठे सापडतात याच्या कायम शोधात असत. महिनाभरात बाईंचं पहिलं व्याख्यान नारायणगावला झालं. 'निश्चयाने वजनावर विजय.' फ्लेक्सवर डावीकडे जुन्या प्रयागबाई, उजवीकडे नव्या, आणि मधे दोघींच्या मिळून आकाराचे संपतराव.

आश्चर्य म्हणजे बाई बोलल्याही झकास. जन्मभर चारचौघांत अंग चोरून बसलेली बाई माइकसमोर उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली, "बायांनो, जिभेला लगाम घाला!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची चव काही वेगळीच होती. नंतर आळे झालं, ओतूर झालं, मंचर झालं. २००५ साली मंचानं त्यांना 'आरोग्यरत्न' केलं. तालुक्यात लिंबं महागली असं काही जण म्हणत, पण ती अतिशयोक्ती असावी.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी तपासायला बोलावलं होतं. रोजच्या गोळ्या होत्या, काय खायचं त्याचा तक्ता होता. पण लिंबू-मेथ्यांवर बारीक झालेल्या बाईनं ऑपरेशनच्या डॉक्टरकडे कशासाठी जायचं? कुणी पाहिलं म्हणजे? पहिल्या वर्षानंतर पुण्याची फेरी बंद झाली. गोळ्याही सुटल्या. केस मूठमूठ गळू लागले तेव्हा बाईंनी डोक्यावरून पदर घ्यायला सुरुवात केली आणि संपतरावांनी त्याचंही भाषणात कौतुक केलं. म्हणाले, प्रसिद्धी मिळाली तरी संस्कार सुटले नाहीत.

आणि वजन परत आलं. ते दांडगाईनं नाही आलं. पाहुण्यासारखं चपला बाहेर काढून आलं. ताटभर जेवण बाईंना खरंच जात नव्हतं. अर्धी भाकरी झाली की पोट गच्च. पण प्रत्येक व्याख्यानानंतर अल्पोपहार असे, आणि आपल्याकडे अल्पोपहारात अल्प काही नसतं. पेढा पुढे करून यजमानीण म्हणायची, "एका पेढ्यानं काय हुतंय तुमाला? तुमचा तर निश्चय हाय." निश्चयाची परीक्षा म्हणून बाई तो खात. भाकरी जिथे अडायची तिथून पेढा सुळकन उतरायचा. घरीही दुपारी दोन घास, मग तासाभरानं साखरेचा चहा आणि त्यात विरघळलेली दोन बिस्किटं, मग चमचाभर शिरा, मग पुन्हा घोटभर चहा. जेवण म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. "मी खाते काय?" असं त्या मनापासून म्हणत.

२००७ ला ऐंशी. पुढच्या वर्षी नव्वद. फ्लेक्सवरचा उजवीकडचा फोटो तोच राहिला. बाईंनी आरशासमोर उभं राहायचं सोडलं. सून वृषालीनं एकदा चाचरत विचारलं, "आई, एकदा दाखवून येऊ या का?" तर दोन दिवस अबोला धरला. आणि व्याख्यानात आवाज अजून चढवला. आळशी बायांवर तर त्या तुटूनच पडत. इतक्या तळतळून त्या कुणाला बोलत होत्या, हे घरी फक्त सोपानरावांना कळत होतं.

२००९ च्या जानेवारीत कळंबला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शंभरेक बायका होत्या. संपतराव शेजारी बसलेले. बाई नुकत्याच 'निश्चय' या शब्दापाशी आल्या होत्या, तेवढ्यात मधल्या रांगेतली एक बाई उठली. गजराबाई तिचं नाव. घरची मेंढरं होती, ती स्वतः गुडघ्यांनी रडकुंडीला आलेली होती, आणि दोन वर्षांपूर्वी मंचरला पुन्हा झालेलं भाषण ऐकून गेली होती.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "मी दोन वरसं लिंबूपानी पेते. निस्तं आंबट ढेकर येत्यात, वजन काय ढिम्म हालंना. मला वाटलं आपलाच निश्चय कच्चा. पर आता तुमालाच बगते तर... तुमी लिंबू सोडलं व्हय?"

बायका खो खो हसल्या. संपतराव गडबडीनं म्हणाले, "प्रश्नोत्तरं शेवटी."

प्रयागबाई गजराबाईकडे बघत राहिल्या. गजराबाई हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. दोन वर्षं तिनं रोज सकाळी हे पाणी प्यायलं होतं आणि आपल्या मनाला दोष दिला होता. बाईंच्या डोळ्यांसमोर तशा शेकडो सकाळी आल्या.

"लिंबानं कायबी व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी पोटाचं ऑपरेशन केलंय. पुण्याला. खडेबिडे काय नव्हतं. मी खोटं बोलले."

संपतरावांनी माइक ओढून घेतला. "लाइटचा प्रॉब्लेम झालाय," म्हणाले. डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होती.

बाईंना वाटलं, आता चपला येतील. पण गजराबाईनं दुसराच प्रश्न विचारला. "मंग आवो, येवढं पोट कापून बी परत कसं वाडलं?"

"ते मलाच डॉक्टरला इचारायला पायजे," प्रयागबाई म्हणाल्या.

म्हणून पुढच्या मंगळवारी, शेवटच्या फेरीनंतर चार वर्षांनी, त्या पुण्याच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. सोपानराव बरोबर होते. काट्यावर शहाण्णव भरले. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, तरुण होत्या. बाई त्यांच्या समोर गुन्हेगारासारख्या बसल्या.

"दिवसभरात काय काय खाता?"

"कायबी न्हाई वो. अर्धी भाकरी."

"आणि चहा आठ वेळा," सोपानराव म्हणाले. "बिस्किटं. शिरा. सत्काराचं पेढं. शेव. नातवाचं उरलेलं कुल्फीचं..."

"आवो!"

"सांगू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग समजावलं. लहान पोट भाकरीला अडवतं. चहा-बिस्किटाला आणि पेढ्याला ते अडवत नाही. शिवाय शरीर हरवलेलं वजन हळूहळू परत मागतं. काही वर्षांनी थोडंफार वाढणं पुष्कळांचं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही; लाजून तपासायला न येणं मात्र वाईट. "ऑपरेशनच्या आधी किती होतं?"

"येकशे सतरा."

"म्हणजे आजही एकवीस किलो कमीच आहात. साखरेच्या गोळ्या?"

"त्या तवापासनं बंदच हायत."

"मग?"

प्रयागबाईंना एकदम रडू आलं. दोन वर्षं त्या रोज परत आलेल्या, आता चोवीस झालेल्या किलोंचा हिशोब मांडत होत्या. हे एकवीस कुणीच मोजले नव्हते. सोपानरावांनी खिशातून रुमाल काढून दिला, तो तंबाखूचा निघाला, आणि बाई रडता रडता शिंकू लागल्या.

रक्तात लोह कमी, जीवनसत्त्वं कमी. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चहा दोनदा आणि बिनसाखरेचा. पहिला आठवडा घरातल्या सगळ्यांना फार जड गेला. जेवताना आधी उसळ, अंडं, डाळ, मग भाकरी. मधलं टुकूटुकू बंद. संध्याकाळी कॅनॉलच्या कडेनं चालणं. दिवाळीपर्यंत वजन एकोणनव्वद झालं, दिवाळीत ब्याण्णव, पुढे पुन्हा नव्वद. बहात्तर काही आलं नाही आणि येईल असं डॉक्टरही म्हणाल्या नाहीत. मोठ्या जाऊबाई जे म्हणायच्या ते म्हणाल्या. ते बोलणं दोन दिवस पुरलं, तिसऱ्या दिवशी त्यांच्याच गुडघ्यासाठी डॉक्टरचा पत्ता मागायला आल्या.

संपतराव वर्षभरानं उगवले. "वहिनी, नवा विषय आहे. 'अपयशावर मात.' मागणी आहे याला."

"भाऊ, मी काय बी मात केलेली न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या. "सोमवारी काट्यावर उभी ऱ्हाते, वाडलं तर पुण्याला जाते. येवढंच सांगायला बोलावणार असाल तर येते."

संपतरावांनी विचार केला. "फ्लेक्सवर चांगलं नाही दिसणार ते," असं म्हणून त्यांनी निरोप घेतला. बाईंनी पायात चपला घातल्या आणि कॅनॉलकडे निघाल्या.